उलट्या चित्राची चाल

१८९८ सालच्या थंडीत ठाण्याला तलावाकाठी दौलत तंबूवाल्याचा हलत्या चित्रांचा खेळ लागला. साथीला चर्चमध्ये फिडल वाजवणारा इनास. चित्रं मुकी, तेव्हा हसवायचं निम्मं काम त्याच्या गजाचं. एका चित्रात जाड्या रंगारी शिडीवरून घसरून बदकन चुन्याच्या पिंपात पडे. लोक पोट धरून हसत. मग दौलत यंत्राची मूठ उलटी फिरवी आणि रंगारी पिंपातून उडून कोरडा ठणठणीत शिडीवर जाई. लोक तंबू डोक्यावर घेत.

हसत नसे ती इनासची लहानगी जोसेफिन. आदल्या वर्षी प्लेगात तिची आई सबीना गेली, तेव्हापासून पोर बोललीच नव्हती. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून इनास तिला आपल्या पाठीमागे बायकांच्या बाकावर बसवी. देवा, एकदा तरी हसू दे हिला, एवढंच त्याचं मागणं.

उलट्या चित्राला चालही उलटीच हवी. इनास-सबीनाच्या लग्नात नवरानवरीच्या न्हाणासाठी उंबराचं पाणी आणायला बायका विहिरीकडे निघाल्या, तेव्हा वाजलेली चाल त्यानं घेतली आणि शेवटाकडून वाजवली. वाजंत्र्याचा खट्याळपणा, दुसरं काय!

दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांचं हसून झाल्यावर पाठीमागे एक बाई हसली. ते हसू इनासच्या घरातलं होतं. पण वळावं तर चित्र चुकणार.

"दौलतभाऊ, पोरीशेजारी कोन बसते?" त्यानं खेळ सुटल्यावर विचारलं.

"कोणीच नाही रे. बाया बसतात आणि उठून जातात. तिथं गार लागतं म्हणे."

शेवटच्या संध्याकाळी रंगारी पिंपातून वर आला, आणि पाठीमागे दोघी हसल्या.

इनासनं चाल पुरी केली आणि मग धावला.

"आगो, हसलीस तू!"

"आय हसली, म्हनून मी पन हसली," जोसेफिन म्हणाली.

इनासनं तिला पोटाशी धरलं. रडू आवरेना त्याला.

"बाबा, तंबू आता शहाडला जाते. आय बोलते, तू पन चल. जाऊ?"

इनासनं तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"नको बाय. तिलाच सांग, घरी चल."

त्यानं लेकीचा उजवा हात धरला. डावा तिनं उंच धरला होता.

वाटेत पाण्याचा चर लागला. इनासनं हात वर ओढला.

पोर दोन्ही बाजूंनी सारखी उचलली गेली, आणि पलीकडे अलगद उतरली.