उत्तर देणारी लुंगी

"कव्हरवर काय लिहिलंय ते वाच. फॉर बॉइज," अर्श म्हणाला आणि ते जाडजूड निळं पुस्तक त्याने छातीशी घट्ट धरलं.

"बॉइजनी आठवडाभरात चारच पानं वाचलीत," सुमैय्या म्हणाली. "आण इकडे."

रंजिता फिस्सकन हसली. अर्शने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि तेवढ्यात पुस्तक सुमैय्याच्या हातात गेलंसुद्धा.

सुमैय्या आणि रंजिता शारजात एकमेकींच्या शेजारी राहत. डिसेंबरच्या सुट्टीत दोघी रास अल खैमाला खैरुद्दीनमामूंकडे आल्या होत्या. अर्श हा मामूंचा मुलगा. दोघींपेक्षा वर्षाने लहान, पण ऐट कप्तानाची. तिघांचा मुक्काम दिवसभर इमारतीच्या गच्चीवर असे, कारण तिथून समोर सगळा समुद्र दिसायचा.

पुस्तक अर्शने शाळेतल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून उचललं होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळात विलायतेत मुलग्यांसाठी अशा समुद्रकथा ढिगाने छापल्या जायच्या, त्यातलीच ही एक. एडविन नावाचा गोरा पोरगा घरातून पळतो, जहाजावर चढतो, वादळं झेलतो, चाच्यांना लोळवतो आणि शेवटी पदक मिळवतो. बायका गोष्टीत दोनच, आई आणि बहीण. त्या पहिल्या पानावर धक्क्यावर उभ्या राहून रडतात, आणि शेवटच्या पानावर पुन्हा तिथेच येऊन रडतात.

"मधली तीनशे पानं काय करत होत्या?" रंजिताने विचारलं.

"रुमाल वाळवत असतील," सुमैय्या म्हणाली. पण पुढचं पान वाचताना तिचं हसू मावळलं. तिने ते मराठीत करून सांगितलं. "ऐका. वादळ उठताच लस्करांनी एकच कालवा केला. ना नाव ना गाव असलेली ती भेकड माणसं जहाज सोडून होडीत उड्या टाकून पळाली. एकटा एडविन मात्र जागचा हलला नाही."

"लस्कर म्हणजे?"

"बोटीवरचे आपले खलाशी. आपल्या कोकणातलेसुद्धा. म्हणजे आमचे नाना."

नाना म्हणजे मामूंचे वडील. त्यांची उभी हयात बोटीवर गेली होती. खाली हॉलमध्ये त्यांचा खलाशाच्या टोपीतला फोटो होता.

"फेकून दे ते," अर्श म्हणाला.

"मुळीच नाही. मी शेवटपर्यंत वाचणार आणि कुठे कुठे खोटं लिहिलंय ते शोधून काढणार." सुमैय्याला राग आला की ती आदळआपट करत नसे, हट्टाला पेटत असे. घरच्यांना आदळआपट परवडली असती.

आणि गंमत अशी की दुसऱ्या दिवशी तिला पुस्तकात एक खरी गोष्ट सापडली. एडविनला लांबवर एक जहाज दिसतं. डोलकाठीवर चौकोनी निशाण आणि त्याच्याखाली एक गोळा टांगलेला. म्हणजे 'आम्ही संकटात आहोत, मदत करा'. सुमैय्याने हे वाचलं, मान वर केली आणि समोरच्या समुद्राकडे पाहतच राहिली.

"अर्श, दुर्बीण दे."

दोघी आल्या त्या दिवसापासून एक गंजकं मालवाहू जहाज दूर नांगरून पडलेलं होतं. त्याच्या डोलकाठीवर चौकड्यांचं काहीतरी फडफडत होतं. चक्क लुंगी होती ती, दोन काठ्यांना ताणून चौकोनी बांधलेली. आणि तिच्याखाली पाण्यावर तरंगणारा असतो तसा एक गोल नारिंगी बोया लटकत होता.

रात्री जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा मामू खो खो हसले.

"अगं, लुंगी वाळत घातलीय कुणीतरी."

"वाळली की माणूस काढतो ना, मामू? ही आम्ही आल्यापासून तिथंच आहे. आणि खाली बोया कशाला?"

"वाऱ्याने उडू नये म्हणून वजन असेल. मी रोज संध्याकाळी टुरिस्ट लोकांची क्रूझ त्या बाजूने नेतो. एकदम मजेत असतात ते. आपल्याला हात करतात, आपले पॅसेंजर पण त्यांना हात करतात. फोटोबिटो काढतात."

सुमैय्याचा घास हातातच राहिला. "कसा हात करतात?"

मामूंनी दोन्ही हात बाजूला पसरले आणि सावकाश वर-खाली करून दाखवले.

"बट डॅड, बाय-बाय असं कोण करतं?" अर्श म्हणाला.

मामूंनी वाटीतली आमटी ओरपली. "हे बघा, आपण दुसऱ्याच्या मुलखात राहतो. उगाच कोस्ट गार्डला बोलावलं आणि काही निघालं नाही, तर माझं परमिट जाईल. व्हिसाचा प्रॉब्लेम होईल तो वेगळाच. खलास, विषय संपला."

"पोरं इतकं म्हणतायत तर एकदा जवळ जाऊन बघा की," बानूमामी म्हणाल्या.

"इन्शाल्ला, बघू."

मामूंचं 'इन्शाल्ला, बघू' म्हणजे काय ते त्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. ते काम होत नसे.

सकाळी मामी स्वयंपाकघरात असताना तिघांनी त्यांचा मोठा लाल दस्तरखान पळवला. त्यावर ताटं मांडून सगळे जेवायला बसत. तो दुहेरी घडी घालून चौकोनी केला. कांद्याच्या जाळीदार पिशवीत अर्शचा फुटबॉल भरला. गच्चीवर धुणं वाळत घालायची लांब काठी होती, तिच्यावर दोन्ही बांधलं.

"पॉइंट काय पण?" अर्शने विचारलं.

"ती लुंगी वाळत घातली असेल तर ती गप्प बसेल," सुमैय्या म्हणाली. "इशारा असेल तर उत्तर देईल."

काठी जड होती. तिघांनी आळीपाळीने ती उभी केली, खाली आणली, पुन्हा उभी केली. हात भरून आले. जहाज जागच्या जागी डुलत होतं. रंजिताने आशा सोडली आणि ती टाकीला टेकून बसली. सुमैय्याने नाही सोडली.

मग लुंगी हलली. ती सावकाश खाली आली, दिसेनाशी झाली आणि पुन्हा वर चढली. सुमैय्याने काठी खाली केली तशी लुंगी परत खाली गेली. तिकडे कुणीतरी होतं, आणि त्याला सुमैय्याची काठी दिसली होती.

"माझा दस्तरखान कुणी नेला?" म्हणत मामी वर आल्या. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि त्या तडक मामूंना बोलवायला गेल्या.

मामू तणतणत आले. "जेवायचा कपडा काठीला? लाज आहे का काही?"

"मामू, ही दुर्बीण धरा. अर्श, यल्ला, चल."

अर्शने काठी खाली केली. लुंगी खाली आली. त्याने वर केली. लुंगी वर गेली.

"वाळत घातलेली लुंगी उत्तर देते का, मामू?"

मामूंनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचा चेहरा उतरला होता. तरी ते पुटपुटले, "पण परमिट..."

"या पुस्तकात लिहिलंय की संकट आलं की आपले लोक पळून जातात," सुमैय्या म्हणाली. "मला ते खोटं ठरवायचंय. तुम्ही ते खरं करू नका."

मग मामूंनी खिशातून फोन काढला आणि कोस्ट गार्डला लावला. त्यांचं अरबी घाईत नेहमी अडखळायचं. त्या दिवशी नाही अडखळलं.

दुपारी धक्क्यावर कोस्ट गार्डची बोट लागली. पाच माणसं उतरली, ओठ फुटलेली, दाढ्या वाढलेली. त्यातल्या एकाला स्ट्रेचरवरून उतरवलं आणि थेट अँब्युलन्समध्ये घातलं. तो कूक भिवा, गुहागरकडचा. बाकीच्यांचा मुकादम, म्हणजे सारंग, लियाकत जयगडचा. तो गटागटा पाणी प्यायला आणि मग त्याने हकिगत सांगितली. कप्तान जहाजाची एकुलती एक होडी घेऊन मालकाला भेटायला किनाऱ्यावर गेला तो गेलाच. डिझेल संपलं तसा वायरलेस बंद पडला, फोनही विझले. पिण्याचं पाणी पिंपाच्या तळाला लागलं.

"रोज एक बोट जवळून जायची, मोठ्याने गाणी लावून," सारंग म्हणाला. "आम्ही जीव तोडून हात करायचो. वरचे लोक आमचे फोटो काढायचे."

मामू पुढे झाले. "ती बोट माझी आहे, भाई. मी बघितलं आणि मला कळलं नाही. मला माफ करा."

सारंगाने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही पोहून का नाही आलात?" सुमैय्याने विचारलं.

"नागेश आणि सुजीत पट्टीचे पोहणारे आहेत, गेले असते. पण भिवा तापाने फणफणला होता. त्याला टाकून कसं जायचं, बाय?"

कोस्ट गार्डच्या अधिकाऱ्याने हे आधी कुणी पाहिलं म्हणून विचारलं. अर्शने सुमैय्याला पुढे ढकललं. "शी डिड, सर." आणि मग न राहवून, "बट इट्स माय बुक." अधिकारी हसला आणि त्याने तिघांनाही कडक सलाम ठोकला. मामू मोठ्याने म्हणाले, "नाना असते ना, तर सुमैय्या, तुला खांद्यावर घेऊन बाजारभर मिरवलं असतं."

भिवा बरा झाल्यावर मामींनी पाचही जणांना जेवायला बोलावलं. तोच लाल दस्तरखान अंथरला होता, काठीने पडलेलं एक भोक मिरवत. जेवणं झाल्यावर सुमैय्याने लस्करांचं ते पान उघडून पुढे ठेवलं आणि त्यात काय लिहिलंय ते सांगितलं. सारंगाने चष्मा मागितला. पेन एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. लियाकत, जयगड. नागेश, दापोली. सुजीत, मालवण. तपन, चितगाव. भिवाने सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं.

"पुस्तक तूच ठेव," अर्श म्हणाला.

ते आता शारजात सुमैय्याच्या कपाटात आहे. त्या पानावरच्या लस्करांना ना नाव होतं ना गाव. आता दोन्ही आहे.