शंभर गुणांचा खोकला

“पुन्हा लाव, पुन्हा लाव!” मोजपट्टीचा मित्र पोपट गादीवर लोळत ओरडला.

मोजपट्टीने आईच्या मोबाईलवर बोट ठेवलं. शाळेच्या ॲपमध्ये तिच्या नावापुढे ‘कवितावाचन : उत्तम’ असं लिहिलं होतं, आणि आतून एक जाडाभरडा पुरुषी आवाज नाजूक व्हायची पराकाष्ठा करत कविता वाचत होता. मध्येच घसघशीत खोकला. मागे पंखा : टक्, टक्, कुईं!

“सुट्टीत आवाज फुटला वाटतं तुझा!”

मोजपट्टी हसली नाही. उंचीवरून पडलेलं हे नाव. पण गेले दहा दिवस तिला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. सुट्टीत शाळेत येऊन टॅबवर अभ्यास करा, असं सांगितलं होतं. मुलं तीनदा गेली, तीनदा ‘दुरुस्ती चालू आहे’ ऐकून परतली. आणि तिसऱ्याच संध्याकाळी आईच्या मोबाईलवर निरोप : अपूर्णांक, शंभरपैकी शंभर! आईने तो दोन्ही मावश्यांना, आत्याला आणि शेजारच्या शिवणवाल्या काकूंना वाचून दाखवला. पाव आणि अर्धा यांची बेरीज धड न येणारी मोजपट्टी गप्प बसली. काकूंनी कौतुकाने शिवलेला फ्रॉकही तिने घेतला. आत्ताही तोच अंगात होता आणि टोचत होता.

“हा पंखा शाळेच्या ऑफिसातला,” गोटी म्हणाली. पोपटाची ही धाकटी बहीण बोलायची कमी, ऐकायची फार.

तिघं धावत सुटली. ऑफिसच्या खिडकीतून पाहतात तर काय! दोन टेबलांवर चोवीस टॅब मांडलेले, आणि क्लार्ककाका एकेकावर प्रश्नाच्या उत्तराला टिचकी मारत सरकताहेत. “ब... ब... हाही ब...” मग गोटीचं नाव चिकटवलेला टॅब तोंडाशी धरून त्यांनी घसा बारीक केला.

“काका, तो माझा!” गोटी ओरडली. “मला ‘र’ म्हणता येत नाही, तसं वाचा!”

काका खुर्चीसकट दचकले. शेजारच्या खोलीतून मुख्याध्यापिकाबाई आल्या.

“दुरुस्ती झाली का हो, बाई?” पोपटाने भोळेपणाने विचारलं.

काका घाम पुसत म्हणाले, “वापरले नाहीत तर वरचे लोक टॅब परत नेतात. दिले तर तुम्ही फोडता! बाईच म्हणाल्या, एका टॅबला ओरखडा नको आणि अहवालही कोरा नको. मग माणसाने करायचं काय?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आम्ही सगळ्यांना सांगणार!” पोपट म्हणाला.

“सांगा,” बाई म्हणाल्या. “ पण शंभर गुण मिळाले, तेव्हा विचारायला कुणीच कसं आलं नाही?”



“मी यायला हवं होतं,” मोजपट्टी म्हणाली. “ते गुण माझे नव्हते. मला माहीत होतं.”

“तू दहा दिवस गप्प बसलीस, मी अख्खी सुट्टी,” बाई म्हणाल्या. “सगळे गुण पुसा हो. अहवाल कोरा जाऊ दे, वर काय सांगायचं ते मी सांगेन. आणि गोटी, कान लाख मोलाचे आहेत तुझे! आत येऊन बसा तिघं, आपापली चाचणी स्वतः सोडवा. टॅब फुटला तर बघू.”

संध्याकाळी मोजपट्टीने घरी सगळं सांगितलं आणि फ्रॉक घडी घालून काकूंकडे नेला.

“माप तुझंच घेतलं होतं ना? मग दुसऱ्या कुणाला होणार?” काकूंनी तो परत तिच्या हातात कोंबला.

आई मात्र हसली नाही. मोबाईल पुढे करत म्हणाली, “मावश्या, आत्या. तूच सांगायचं.”

पहिला फोन लागला. “बोला, शंभरवाल्या बाई!” आत्या ओरडली.

“अडतीस, आत्या.”

“अगं, कुणाचे?”

“माझे.”