पारूचा घास

सौदीतल्या यान्बूत कावळे आहेत. समुद्राकाठी, मासळी बाजाराच्या पत्र्यांवर, आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर. हे मूळचे इथले नव्हेत, आपल्याच बंदरांतून जहाजांवर बसून आले, असं म्हणतात. आई व्हिजिट व्हिसावर आली तेव्हा पहिल्याच सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर एक येऊन ओरडला. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला न्याहाळत म्हणाली, "अरे देवा, हा तर आपला. याचा इकामा कोणी काढला?"

सोनल, माझी बायको, इतकी हसली की तिला ठसका लागला. इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना; हा शब्द आई आमच्या फोनवरच्या बोलण्यातून शिकली होती. त्या दिवसापासून घरात हसू आलं ते आईच्या पावलांनीच.

आईच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्यांमध्ये जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली तीन पुस्तकं होती. तळहाताएवढी, कडा कुरतडलेली. महायुद्धातल्या जर्मन शिपायांची ओळखपत्रं. प्रत्येकात एक फोटो, एक सही, आणि गरुडाचा फिकट शिक्का.

माझे आजोबा, बाळकृष्ण, मराठा पलटणीतून आफ्रिकेच्या वाळवंटात लढायला गेले ते परतले नाहीत. मेले असं कुणी कळवलं नाही. 'बेपत्ता' एवढंच आलं, आणि मागाहून त्यांची ट्रंक. ट्रंकेत ही पुस्तकं. कैद केलेल्या शिपायांकडून घेतलेली, वरिष्ठांकडे पोचवायची राहिलेली.

आजीनं, म्हणजे पारूनं, कपाळावरचं कुंकू कधी पुसलं नाही. सिन्नरच्या घरी ती पहाटे जात्यावर बसली की म्हणायची,

दूर वाळूच्या गं देशी, माझा सखा वाट चाले
पायी रुते त्याच्या काटा, माझ्या डोळां पाणी आले

आजी गेल्यावर वडील दर पितृपक्षात आजोबांचं पान ठेवू लागले, पण आजोबांच्या पानाला कावळा शिवायचा नाही. शेजारचं पान चट्टामट्टा करायचा आणि या पानाभोवती नुसता फिरायचा. वडील म्हणत, दुसऱ्यांचे कागद त्यांच्यापाशी अडकलेत, म्हणून त्यांना सुटता येत नाही. दोन वर्षांपूर्वी जाताना त्यांनी आईकडून वचन घेतलं होतं, की ज्याचं त्याला पोचव.

मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटचा इंजिनिअर. गेजचा काटा हलला तर मानतो, नाहीतर नाही. पण या देशात कागदाविना माणसाचं काय होतं ते रोज पाहत होतो. ज्याचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात, त्याची आई वारली तरी तो विमानात बसू शकत नाही. त्यामुळे वडिलांचं म्हणणं मला इथे आल्यावर जरा जास्त कळलं.

आमच्या प्लँटवर एकार्ट नावाचा जर्मन इंजिनिअर होता. पन्नाशीचा, पिंपासारखा गोल, पुरणपोळी सुरी-काट्यानं खाणारा. त्यानं पुस्तकांतली वळणदार अक्षरं वाचली आणि बर्लिनमध्ये जुन्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला लिहिलं. आईला ती नावं काही जिभेवर बसेनात. तिनं फोटो पाहून बारसं केलं. चष्मेवाला, खळीवाला आणि कानवाला.

चष्मेवाला आधी सापडला. युद्धानंतर शाळामास्तर झाला होता, पुष्कळ वर्षांपूर्वी वारला. आम्ही पुस्तक पाठवलं, त्याच्या मुलीचं पत्र आलं. मग खळीवाला. तोही गेलेला, पण नातू त्याचीच बेकरी चालवत होता. त्यानं आईसाठी आल्याच्या बिस्किटांचा डबा पाठवला. प्रत्येक वेळी आईनं शिरा केला, एकार्टनं दोनदा मागून घेतला.

कानवाला मात्र मिळेना. त्याचं गाव बॉम्बनं उद्ध्वस्त झालेलं. एकार्ट मृतांच्या याद्या धुंडाळत राहिला.

तशात पितृपक्ष आला. आईनं मलबारी दुकानातून केळीचं पान आणवलं, त्याचे तुकडे केले आणि कुठलाही गाजावाजा न करता बाल्कनीत घास मांडले. एक वडिलांचा, एक आजोबांचा आणि तीन पाहुण्यांचे. मी म्हटलं, अगं, ते ख्रिश्चन. ती म्हणाली, भुकेला कुठला धर्म.

कावळा आला. वडिलांचा घास उचलला. चष्मेवाल्याचा उचलला, खळीवाल्याचा उचलला. कानवाल्याच्या घासाजवळ गेला, मान तिरकी करून पाहिलं आणि मागे सरला. आजोबांच्या घासाजवळही तसंच.

आईनं उरलेले दोन घास पाहिले. मग म्हणाली, "तुझ्या एकार्टला सांग, मेलेल्यांत शोधू नकोस. कानवाला जिवंत आहे."

हे एकार्टला सांगताना माझे कान तापले. पण तो हसला नाही. त्यानं वृद्धाश्रमांना फोन लावायला सुरुवात केली, आणि त्याच आठवड्यात एका नदीकाठच्या आश्रमात पंचाऐंशी वर्षांचे योहान सापडले. दात नाहीत, पण कान तसेच.

त्या दिवशी आई अक्षरशः नाचली. सोनलनं तिच्याबरोबर फुगडी घातली, आणि फिरता फिरता दोघी सोफ्यावर कोसळल्या. पुस्तक मी स्वतः कुरिअरला दिलं. आईच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. जाण्याआधी एकदा तरी मामंजींच्या पानाला कावळा शिवलेला पाहायचा, एवढंच तिला हवं होतं. आता तिघांचेही कागद सुटले होते.

सर्वपित्रीला शुक्रवार होता, सुट्टीचा. एकार्ट जेवायला येणार होता. सकाळी कुरिअरवाल्यांचा फोन आला. पत्त्यात काहीतरी चूक आहे, पाकीट अजून जेद्द्यालाच, अल अझीझियातल्या त्यांच्या कचेरीत पडून आहे. मी पत्ता पुन्हा सांगितला. आईला बोललो नाही, तिचा उत्साह कशाला मोडा.

आईनं आजोबांचं पान मन लावून वाढलं. वरण, भात, गवार, वडे, तूप. वाढताना सोनलला आजीची एक आठवण सांगत होती. आजोबा जेवून उठताना पानाच्या उजव्या काठाला एक घास वळून ठेवायचे. त्याला बोटानं खळी पाडायची, खळीत तुपाचा थेंब. सासूबाईंसाठी. पारूचा घास. त्या म्हणायच्या, तेवढ्यावर माझं पोट भरायचं.

जेवणं झाली आणि एकार्टचा मोबाईल वाजला. योहान होते. एकार्टनं स्पीकर लावला. म्हातारा लहान मुलासारखा खिदळत होता. आईही हसायला लागली, भाषा कळत नसताना. मधेच एकार्ट हसायचा थांबला.

"देवदत्त," तो म्हणाला, "ते आभार मानतायत. पुस्तक हातात आहे त्यांच्या, असं म्हणतायत."

मी म्हटलं, शक्य नाही.

"काल दुपारी तुमचा मुलगा येऊन देऊन गेला म्हणे. खाकी कपड्यांतला. ज्या शिपायानं यांना आधी पाणी पाजलं आणि मग कागद घेतले, हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा. पणतू असणार, म्हणतायत."

आम्हाला मूल नव्हतं.

पलीकडून म्हातारा आणखी काही सांगत होता. एकार्टनं ते सावकाश सांगितलं. "तो बसला नाही. खुणेनं सुई मागितली, पायातला काटा काढला. विचारतायत, लंगडत होता बिचारा, घरी नीट पोचला का?"

सोनलनं माझा दंड धरला.

आई बाल्कनीकडे पाहत होती. कठड्यावर कावळा बसला होता. खाली आजोबांचं पान होतं, वाफ निवलेलं. तो पानाकडे बघतही नव्हता. घराच्या दाराकडे बघत होता.

आई उठली. मला वाटलं, रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या बाईची लगबग होती. तिनं कावळ्यापुढचं पान उचललं, आत आणलं, पाट मांडला, पाण्याचा तांब्या भरला.

"एकार्टला गाडीपर्यंत सोडून येऊ सगळे," ती म्हणाली. "दार नुसतं लोटून घे."

आम्ही उतरलो. गाडी वळणापलीकडे गेल्यावर लगेच वर आलो. जिन्यात कुणी भेटलं नाही. दार लोटलेलंच होतं.

पान स्वच्छ होतं. तांब्या रिकामा.

उजव्या काठाला एक घास वळून ठेवलेला होता. त्याला बोटाची खळी, खळीत तुपाचा थेंब.

आईनं पदर सावरला. तो घास दोन्ही हातांत घेऊन ती बाल्कनीत गेली, आणि तिनं तो कठड्यावर ठेवला.

तिचा हात मागे यायच्या आत कावळ्यानं तो उचलला.