बटण आखूड पडतं

कुंपणावर चढून बसलेला माणूस पाहिला तेव्हा तिला आधी वाटलं, चोरच असणार. पण चोर काही गळ्यात मोठी कात्री अडकवून येत नाही. आणि पकडला गेल्यावर "अहो, जरा लवकर या ना!" अशी हाकही मारत नाही.

खाली बटण उभं होतं. घोडेस्वारीच्या शाळेतलं सगळ्यात बुटकं, गोलमटोल तट्टू. तोंडातून पिवळी टेप लोंबत होती आणि ते ती डोळे मिटून मजेत चघळत होतं.

"चावतं का हो हे?"

"माणसांना नाही. टेप मात्र आवडलेली दिसते."

"माझं पोट आहे हो त्या टेपवर…"

"मग खाली उतरा आणि मागून घ्या."

"मी… इथूनच मागतोय की!"

ती खळखळून हसली. बटणाच्या ओठांच्या कोपऱ्यात बोट घालून तिने अलगद टेप सोडवली आणि ओलीचिंब त्याच्या हातात दिली. टेपचं काय झालंय ते बघायचं सोडून तो तिच्याकडेच बघत राहिला. मग लक्षात आल्यावर त्याचे कान लाल झाले.

तो कोपऱ्यावरच्या दुकानातला नवा शिंपी. स्पर्धेसाठी मुलांच्या कोटांची मापं घ्यायला आला होता. ती शाळेची शिक्षिका, सगळ्यांची मॅडम. मावशी म्हणणारी एकटी छोटी.

छोटी हे नाव आता नुसतं चेष्टेसारखं राहिलं होतं. तिच्या आईची, म्हणजे मावशीच्या ताईची, नोकरी परगावी, म्हणून पोर लहानपणीच मावशीकडे आली. पहिल्या दिवशी तिचं रडणं थांबेना, तेव्हा मावशीने तिला उचलून बटणाच्या पाठीवर बसवलं. त्यानंतर ती जी उतरली नाही ती आजतागायत. मधल्या काळात ती ताडमाड वाढली. बटण मात्र होतं तेवढंच राहिलं.

खोगिरांच्या खोलीत मापं सुरू झाली. छोटीची पाळी आली. मावशीने टेपचं टोक धरलं, शिंप्याने दुसरं.

"गुडघे सरळ करा, छोटीताई."

"सरळच आहेत."

"मग माझी टेप वाकडी असेल. आत्ताच तिला बटणाने चावलंय."

छोटी हसली नाही. "मागच्या वर्षीचंच माप धरा. मी वाढलेली नाहीये," असं ठासून सांगून ती निघून गेली. शिंप्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने खिडकीबाहेर पाहिलं.

"कोटाला मी आतून दुमड ठेवतो," तो हळूच म्हणाला. "पोर वाढली की उसवायची, कोट लांब होतो. पण मॅडम… तट्टाला दुमड कुठून आणणार?"

"तुम्ही कोट शिवा. घोड्यांचं मी बघते."

"बघा. आणि तुमचंही माप घेऊ का? तुमचा हा कोट खांद्यात काचतोय."

"मला बरा आहे तो."

"कोटाला विचारलंत?"

तिने दार दाखवलं. तो गेला खरा, पण त्याचं बोलणं काही जाईना. संध्याकाळी खोगिरं पुसतानाही तेच डोक्यात. खरं म्हणजे त्याने नवीन काय सांगितलं होतं? तिला सगळं दिसत होतंच. कळतं पण वळत नाही, त्यातली गत. बटणावरून उतरली की ही पोर मोठी झाली, आणि मोठी झाली की एक दिवस निघून जाणार. मग घरात उरणार कोण? या भीतीपायी ती गप्प बसली होती.

त्या संध्याकाळी तिने छोटीच्या पाय ठेवायच्या रिकिबींचे पट्टे पाहिले. वरच्या बाजूला नवी भोकं होती, आरीने पाडलेली, वेडीवाकडी. पाय खाली लोंबू नयेत म्हणून पोर रिकिबी वर वर ओढत होती. तिने पट्टे पुसले आणि जागेवर लटकवले.

अर्धवट शिवलेले कोट घेऊन शिंपी पुन्हा आला, तो थेट कुंपणावर जाऊन बसला. छोटी सराव करत होती. गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकलेले, तरी पाठ ताठ. बटण दौडत आलं, झेपावलं, पाय पोटाशी घेऊन अडथळ्याच्या दांड्यावरून अगदी स्वच्छ पार झालं. आणि दांडा खाली पडला.

"बटण आज आळस करतंय!" छोटी ओरडली.

बटणाचा पाय लागलाच नव्हता. लागला होता रिकिबीतून निसटलेला छोटीचा बूट. मावशीने ते पाहिलं आणि कुंपणावरच्या माणसानेही.

तो तबेल्याच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, तुमची मांजर फार सुटलीय हो. दोन्ही वेळा आलो तेव्हा तिला पेलाभर दूध मिळताना बघितलं."

मावशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज सकाळी "मी तबेल्यात पिते" म्हणत छोटी जो पेला घेऊन जायची, तो असा मांजरीच्या पोटात जात होता. उंची वाढू नये म्हणून!

आता मात्र बास. ती तडक मैदानात गेली आणि तिने लगाम धरला.

"उतर."

"अजून एकदा, मावशी."

"उतर, छोटी. बटण तुला आखूड पडतंय."

छोटीचा चेहरा पडला. "तू पण? मोठी झालीस, मोठी झालीस… मोठं झालं की सगळं काढूनच घेतात!"

"बटण दांड्यावरून नीट गेलं. बूट तुझा लागला आणि बोल त्याला लावलास. त्याने कधी तुला बोल लावलाय?"

छोटी उतरली. बटणाच्या आयाळीत तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. मावशीही रडली, पण लगाम सोडला नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "भोकं मी पाहिली होती. मलाच तू छोटी हवी होतीस."

मग आयाळीतून आवाज आला, "त्याला वाटेल, मी त्याला टाकलं."

"टाकायचं कशाला? त्याचा पुढचा स्वार तूच निवड. शिकवायचंही तूच."

छोटीने बाहीने नाक पुसलं आणि थोडा विचार केला. "मग कुणीतरी घाबरट हवं. घाबरटांना ते फार सांभाळतं."

दोघींच्या नजरा एकदम कुंपणाकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय? त्याची पाठ मोडेल ना!" शिंपी वरूनच ओरडला, आणि रडता रडता दोघींना हसू फुटलं.

त्यानंतर छोटी हट्टालाच पेटली. आता मिळालेली काळी उंच घोडी तिला पाडायची, ती उठायची, माती झटकायची, पुन्हा चढायची. दुपारी शाळेतल्या एका चष्मेवाल्या चिमुरडीला बटणावर बसवायची. ही पोर घोडा नुसता शिंकला तरी रडायची, म्हणून तर तिची निवड झाली होती. दूध आता छोटीच प्यायची. मांजर तिच्यावर रुसली होती.

शिंपीही रोज यायला लागला.

"कोटाचं एक बटण लावायला इतके फेरे?" मावशी विचारायची.

"काय करणार, दोरा संपतो."

"तुमच्या दुकानात दोरा मिळत नाही वाटतं?"

"मिळतो… पण इथल्यासारखा नाही."

घोड्यांची भीती घालवायची, हे त्यानेही ठरवलं होतं. आधी कुंपणावरून खाली उतरला. मग आत आला. मग एके दिवशी, डोळे घट्ट मिटून का होईना, त्याने तळहातावर गाजर ठेवून बटणापुढे धरलं. बटणाने गाजर तेवढं उचललं, हात परत दिला. तो बोटं मोजत बसला, आणि तिला तो फार आवडला. असा आवडला की तिने घाईघाईने बादली उचलली आणि उगाचच पाण्याला गेली.

स्पर्धेच्या दिवशी छोटी नव्या कोटात काळ्या घोडीवर बसली. दांडे पडले, नंबर काही आला नाही, पण उतरताना ती ऐटीत होती. मग लहानांची फेरी लागली. चष्मेवालीच्या अंगात छोटीचाच जुना कोट होता, शिंप्याने कापून बेतलेला.

बटण छान चाललं होतं. कडेला उभ्या छोटीसमोर आलं आणि थांबलं. मान वळवून तिच्याकडे बघत राहिलं. चष्मेवालीने टाचा मारल्या, ते हलेना.

छोटीचा हात पुढे झाला… आणि तिने तो मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले. आवाज खणखणीत निघाला.

"चल बटण. पुढे."

बटणाने कान हलवले आणि ते चालायला लागलं.

मावशीला समोरचं काही दिसेना. डोळे पुसायला हात उचलला तर कोट खांद्यात टर्रकन उसवला.

"सांगितलं होतं ना, काचतोय," शेजारून आवाज आला. शिंप्याने पिशवीतून एक कोट काढून पुढे धरला.

"हा कधी शिवलात? मी माप दिलंच नव्हतं."

"नजरेने घेतलं. चुकू नये म्हणून… रोज घेत होतो."

तिने तो चढवला. हात वर केले, मोकळे गेले. मग आतली कड चाचपून ती म्हणाली, "एवढी दुमड? मी आता कुठे वाढणार आहे?"

"माणूस वाढतोच, मॅडम. छोटी उद्या मोठी होऊन कुठेही जाईल, तुम्हीही बदलाल… तरी तुम्हाला पुरेल असं काहीतरी करायचं होतं." त्याने रिकामी पिशवी खाली ठेवली. "मला तुम्ही फार आवडता. हे कुंपणावर बसून सांगायचं नव्हतं, म्हणून इतके दिवस लागले."

फेरी संपवून आलेलं बटण शिंप्याच्या अगदी मागे उभं होतं. शिंप्याच्या खिशातून लोंबणारी टेप बटणाने तोंडात घेतली होती.

"बटण तुमची टेप खातंय," ती म्हणाली.

"खाऊ दे. आता कुणाचं माप राहिलंय?"

"तुझं," ती म्हणाली. तो एकेरी शब्द ऐकून त्याचे कान पहिल्या दिवसासारखे लाल झाले. तिने त्याचा हात धरला. "तुला घोड्यावर बसवायचंय. उद्या संध्याकाळी घरी ये, आधी छोटीला सांगू. आणि मॅडम म्हणू नकोस."