गालावरचा लाल

बोटभर उंचीच्या माणसांना कातडी आणि केस द्यायचे, हा माझा धंदा. साच्यातून ती राखाडी येतात. मी रंगवते, मग ती कुणाची तरी आई होतात, कुणाचा तरी भाऊ. लोक फोटोवरून घडवून घेतात आणि कपाटात मांडून ठेवतात.

त्या दुपारी मी खिडकीशी बसून एका पोस्टमनचे कान रंगवत होते. कानाच्या पाळीला जरा लाल लावला नाही, तर माणूस मेणाचा वाटतो. तेवढ्यात एक आजी आल्या. टेकल्यासुद्धा नाहीत. रुमालात गुंडाळलेली एक बिनरंगाची पुतळी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"माझी सून. हिला लाल कुठेच लावायचा नाही. गालाला नाही, ओठाला नाही."

"अहो आजी, लाल नसेल तर मेल्यासारखी दिसेल ती."

"तशीच हवी. आणि केस ओले दाखवा."

माझं डोकंच फिरलं. "सुनेशी पटत नसेल तर घरी भांडा. असलं काम मी करत नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ती तळ्यात बुडाली. पण घरातून हलत नाही. आरशात बघते, तर स्वतःला जिवंतच दिसते. मुलगा तिच्यासमोर बसून राहतो. जेवत नाही, झोपत नाही, वाळत चाललाय नुसता. तिचं खरं तोंड तिला एकदा दाखवायचंय मला."

दुःखानं भ्रमिष्ट झाल्या असतील, असं वाटलं. कीव आली, म्हणून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काम उरकलं. राखाडीत निळा मिसळून चेहरा, डोळ्यांखाली तपकिरी, ओठ जांभळट. केसांच्या बटा एकमेकींना चिकटवल्या, वरून चकचकीत वार्निश दिलं. पुतळी वाळायला खिडकीत ठेवली आणि जेवायला गेले.

परत आले तर तिच्या गालांवर लाली होती. कानाच्या पाळ्यांवरही. अगदी मी लावते तशी, हलक्या हातानं. लाल रंगाच्या बाटलीचं झाकण मात्र घट्ट बंद होतं. सवयीनं आपणच लावला असेल, अशी मनाची समजूत घातली आणि पुन्हा राखाडी चढवला.

सकाळी पाहिलं तर लाली परत आली होती. केस कोरडे, भुरभुरणारे, उन्हात तपकिरी चमकणारे. इतके जिवंत केस मला जन्मात जमले नव्हते. खोलीत थिनरचा वास असतो नेहमी. त्या दिवशी शेवाळाचा होता.

मी दार आतून लावलं आणि ब्रश उचलला. राखाडी गालाला टेकवणार, तोच कानाशी कुणीतरी बोललं. अगदी हळू.

"लाल लाव..."

मी मान वळवली नाही. वळवायची हिंमतच नव्हती.

"मी तुझं काय वाकडं केलंय?"

"काही नाही, बाई," मी कसंबसं म्हटलं. "पण तुझा नवरा वाळत चाललाय..."

"तो माझा आहे." कानावर गार श्वास आला. "तू कोण गं... मधे पडणारी?"

ब्रश धरलेली बोटं बधिर झाली. नखं जांभळी पडली. माझ्याच पुतळीच्या ओठांचा रंग माझ्या नखांवर चढत होता. ब्रश खाली पडला. तो डाव्या हातानं उचलला आणि दात-ओठ खात गालांवर राखाडी फासला, ओठांवर जांभळा, केसांवर वार्निश ओतलंच म्हणा ना. ती कानाशी रडली, मग शिव्या दिल्या, मग एकदम गप्प झाली.

त्यानंतर रंग बदलला नाही. संध्याकाळी आजी येऊन पुतळी घेऊन गेल्या. माझी नखं बरेच दिवस तशीच होती.

आणि एके दिवशी आजी परत आल्या. चेहरा निवळलेला, ओळखू येत नव्हता.

"पोरगा पोटभर जेवला काल," त्या म्हणाल्या. "तिनं पुतळी हातात घेतली. बघतच राहिली. मग विचारलं, हे कुणी केलं?"

"तुम्ही... सांगितलंत?"

"सांगावंच लागलं. त्याशिवाय ती घरातून निघेना." आजींनी नजर चुकवली. "मला एकच मुलगा आहे हो."

मी काही बोलायच्या आत त्या उठून दारापर्यंत गेल्या. उंबऱ्यावर थांबून वळल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत, पाहुणीला दुसऱ्याच्या घरी सोडून निघताना बोलावं तसं म्हणाल्या,

"येते गं मी. यांना फार त्रास देऊ नकोस."