तीन सुती बुश

इंदूताई बागलांनी चाळीस वर्षं लोकांच्या लग्नांचे फोटो काढले. आता एक लग्न त्यांना काळोखात बुडवायचं होतं, आणि तेवढ्यासाठी भर दुपारी स्टुडिओतला जुना ट्रायपॉड खांद्यावर मारून त्या रसूल मुल्लाच्या लेथवर आल्या होत्या.

"ह्याच्यावर दुर्बिणीचा माउंट बसवून दे," म्हणत त्यांनी तो माउंट, दुर्बीण फिरवणारा नारळाएवढा मोटारीचा गोळा, बाकावर ठेवला.

रसूलनं ट्रायपॉडचं डोकं फिरवून काढलं. खाली स्क्रू निघाला तीन सुताचा, आणि माउंटचं भोक पाच सुताचं; सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा.

"मधी पितळेचा बुश घालाय लागंल. पण ताई, ह्यो ट्रायपॉड नवरा-नवरीपुरता. दुर्बिणीला डुलंल."

"डुलला तर माझा डोळा जाईल, रसूल. उगाच आले का तुझ्याकडं?"

त्याचं असं होतं. दोन वर्षांपासून वाघनूर गावावर संध्याकाळी उसना दिवस पडत होता. पृथ्वीभोवती कागदाहून पातळ आरशांची माळ फिरते. आपल्याला सूर्य मावळला तरी त्यांना तो दिसत असतो, आणि ज्यानं भाडं भरलं त्याच्यावर ते उजेड फेकतात. पण हा कवडसा मांडवापुरता कुठला मावायला? पसरून साडेपाच किलोमीटरचा होतो. उत्तम शिंगटे मांडववाल्यानं त्याची एजन्सी घेतली, तेव्हापासून लग्न एकाचं आणि जागरण आख्ख्या गावाच्या कोंबड्यांना. एक कोंबडा तर दिवसातून तीनदा आरवून घसा बसून मेला, म्हणतात.

इंदूताईंची शेवंती हटूनच बसली. रात्र लांबली की शेवंती कळी धरते. इथं रात्रच आखडली. दोन मोसम नुसता पाला.

त्या तक्रार घेऊन गेल्या, तर शिंगटे चार माणसांत हसला. "मावशी, प्लास्टिकची लावा की! पाणीबी घालाय नको."

त्याच दिवशी त्यांनी दुर्बीण मागवली.

कारण आरशांना एक दया शिकवलेली आहे. दुर्बिणीतून तळपत्या आरशाकडं बघणं म्हणजे सूर्याकडंच बघणं; डोळा करपलाच. म्हणून उजेड टाकण्याआधी आरसा खाली न्याहाळतो. कुणाची दुर्बीण आपल्यावर रोखलेली असली, की मांजराच्या डोळ्यासारखी तिची लकाकी ओळखतो, तोंड फिरवतो आणि मागच्या आरशांनाही सांगून ठेवतो. अट एकच: दहा मोजेपर्यंत लकाकी थरथरता कामा नये. थरथरली, तर कुठलीतरी फुटकी काच चमकतेय असं समजून तो बिनघोर उजेड ओततो.

शिंगट्याच्या पोराचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सूर्य बुडाला, मुहूर्त नेहमीसारखा लांबून संधिप्रकाशही विझला, आणि इंदूताई गच्चीवर उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी ट्रायपॉडचा मधला दांडा डोळ्याच्या उंचीला चढवला. पहिला आरसा उगवला, मोटार त्याच्यामागं फिरू लागली. एक, दोन, तीन... ठिपका नाचत होता. सहाला त्यांनी मान मागं घेतली. वर झळाळ फुटला, गाव उजळलं, आणि दुर्बिणीतून आलेल्या तिरिपेनं त्यांच्या पदराला भोक पाडलं.

"मेले, हा काय फोटो आहे?" त्यांनी स्वतःलाच झापलं. दांडा पार खाली दाबला, ट्रायपॉडचे पाय फाकवले, खालच्या हुकाला शेवंतीची एक वांझ कुंडी टांगली आणि गुडघे मोडून बसल्या.

पहिला मावळतीला गेला, दुसरा आरसा वर आला. ठिपका खिळ्यासारखा थांबला. नऊ. दहा.

काळोख.

मंगलाष्टक मध्येच तुटलं. उजेडाच्या भरवशावर शिंगट्यानं एक बल्बसुद्धा लावला नव्हता. अंधारात नवरीनं हार घातला तो सासऱ्याच्या गळ्यात. "अरं, दिवस कुणी बंद केला?" हा शिंगट्याचा टाहो गच्चीपर्यंत आला, आणि इंदूताई पोट धरून हसल्या.

तिसऱ्या दिवशी रसूलनं त्यांना लेथवर बोलावलं. भट्टीवर चहा नव्हता, चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"शिंगटे शेठ येऊन गेला. समदं कळलंय त्याला. पन्नास बुश सांगितल्यात."

"कशाला?"

"काळोख इकणार म्हणं. उजेडाचं भाडं हाईच, आता अंधाराचंबी. शेवंतीवाली बाई पयलं गिऱ्हाईक, म्हणत होता. उद्या पयली दुर्बीण सोताच लावून बघणार."

इंदूताईंनी बाकावरचा अर्धवट कातलेला बुश उचलला. बराच वेळ तो बोटात फिरवला.

"पहिला जरा सैल कर."

रसूलनं लेथ थांबवला. "ताई, डोळा तो लावणार हाय."

"ऐकलं मी."

तीस वर्षांत इंदूताईंचं काम त्यानं कधी परत पाठवलं नव्हतं. त्यांच्या हातातला बुश घेऊन त्यानं तो लेथच्या जबड्यात, चकात, आवळला आणि हत्यार टेकवलं. बटणावरचा अंगठा मात्र तसाच राहिला.

"किती सैल, ताई?"