पाठीला पाठ

खुर्च्या जवळ ओढा. आणि मध्येच खुसखुसायचं नाही, कारण हे माझ्या गवंडी मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे. त्या माणसाला आयुष्यात एकदाही धड खोटं बोलता आलं नाही. बोलायला गेला की आधी कान लाल व्हायचे.

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. जुन्या घराच्या शेजारणीचा फोन आला, तुमची गच्चीवरची टाकी गळतेय, माझी भिंत ओली झाली. बायको गेल्यापासून हा लेकीकडे राहायचा, घर दोन महिने बंद. संध्याकाळी थापी घेऊन गेला, टाकीची चीर बुजवली. हात धुऊन बघतो तर साडेदहा वाजलेले, शेवटची बस गेलेली. म्हणाला, राहू इथेच.

आता त्याच्या बायकोबद्दल सांगतो. तिचा छातीचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. मणका आतून पोखरलेला, जरा आडवी झाली की कळ मस्तकात जायची. चार महिने ती बसून झोपली. उशांनी भागेना, म्हणून हा पलंगावर तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बांधायच्या आणि रात्री स्वतः भिंत व्हायचं.

"भिंत वाकडी आहे," ती म्हणायची.

"तुझ्या वडिलांनीच पसंत केली होती," हा म्हणायचा.

मग एका डॉक्टरांनी सांगितलं, मोठं ऑपरेशन नको. पाठीतून सुई घालायची, गाठ सुईच्या तापलेल्या टोकाने आतल्या आत भाजायची आणि त्याच वाटेने मणक्यात सिमेंट भरायचं. "रोग जाणार नाही," ते म्हणाले, "पण झोप लागेल." भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. सकाळी आत नेलं, संध्याकाळी घरी. दवाखान्यात तासभर तिला उताणी ठेवली, तर ती छताकडे बघून रडत होती, सुखाने.

घरी आल्यावर मात्र याच्यातला गवंडी जागा झाला. हे सिमेंट काही मिनिटांत घट्ट होतं, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. याला काही केल्या पटेना. "ताज्या कामावर भार टाकत नाहीत गं. आजची रात्र बसूनच काढ." ती हसली आणि बसली, याच्या पाठीला टेकून.

पुढे वीस रात्री ती पाय ताणून आडवी झोपली. मग रोग यकृतात शिरला आणि ती गेली. ती एक रात्र याच्या मनाला लागून राहिली. मी समजावलं, अरे वेड्या, मायेनेच केलंस ना? तर म्हणाला, "एकवीस झाल्या असत्या."

तर त्या शनिवारी. वीज बंदच होती. गादीवर जुनी चादर टाकलेली, तिच्यावर धुळीचा थर. याला पडावंसं वाटेना. पलंगाच्या कडेला बसून राहिला.

मागे पलंग कुरकुरला.

तो वळला नाही.

पाठीला काहीतरी टेकलं... हलकं. कोमट. मग थोडं जड.

मला सांगताना म्हणाला, भीती कसली, आधी बरंच वाटलं. आणि मग एकदम लक्षात आलं. ती टेकून बसलीय. म्हणजे अजून दुखतंय. तिकडेसुद्धा.

"दुखतंय का गं?"

...

श्वास नाही. हालचाल नाही. पाठ तशीच.

"ऐक... माझं चुकलं. ते तेव्हाच घट्ट झालं होतं."

...

"आडवी हो. हो ना गं."

मग भार सुटला. हळूहळू. पाठ गार पडली... उजाडेपर्यंत तो तसाच बसून रडला.

सकाळी वळून बघितलं. चादरीवरची धूळ सगळीकडे जशीच्या तशी. मधोमध मात्र माणूसभर जागा स्वच्छ. डोकं, खांदे, पाठ, टाचा. दोरी लावल्यासारखं सरळ.

ती चादर त्याने अजून झटकलेली नाही. लेक म्हणते, बाबा, घर भाड्याने देऊन टाका. हा म्हणतो, थांब, तुझी आई झोपलीय.